आखणी झालेले भोपळे

भूमिका घर सोडून रोह्याला गेली, त्याला कारण प्लास्टर.

जोहे गावात प्लास्टर कशालाही कारण होऊ शकतं. घरटी एक गणपतीचा कारखाना. त्यामुळे पांढरी भुकटी केसात, भुवयांत, भाकरीच्या पिठात, देवळाच्या घंटेत. इथली मांजरं जन्मतात काळी आणि महिन्याभरात गोरी होतात. इथं माणूस मेल्यावर त्याला आंघोळ घालतात ती रीत म्हणून नाही, ओळख पटावी म्हणून.

अशा गावात भूमिकाचा नवरा प्रविण आखणी करायचा. मूर्ती साच्यातून काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंगाची मशीन मारणारे वेगळे. सगळ्यांचं झालं की शेवटी प्रविण यायचा, बारीक ब्रश घेऊन, आणि डोळे काढायचा. फक्त डोळे. वीस वर्षांत त्यानं सोंडेला हात लावला नव्हता. पण डोळे असे की कारखान्यात कुठंही उभे राहा, गणपती तुमच्याकडंच बघतोय. पार पलीकडं भिंतीशी जाऊन उभे राहा, तरी तुमच्याकडंच. पेणेपासून हमरापूरपर्यंत लोक म्हणायचे, नजर द्यावी तर प्रविणनं.

आषाढात कामाचा डोंगर होता. त्याच दिवसांत भूमिका मागच्या परसात कपडे वाळत घालायला गेली आणि एका हातावरून घसरली. हात गणपतीचा होता. परसात सगळा फुटका माल टाकलेला असायचा: सोंडा, पोटं, आशीर्वाद देणारे सुटे हात. हिचा पाय त्या आशीर्वादावर पडला आणि ही उताणी. मनगट मोडलं. एकटीच मिनीडोर रिक्षानं पेणेला गेली, डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, एकटीच परत आली आणि संध्याकाळी डाव्या हातानं भाकऱ्या केल्या.

प्रविण पाच दिवस डाव्या हातानं वाढलेलं जेवला. पाचव्या दिवशी त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "हात धू की गो जरा. किती प्लास्टर लागलंय."

भूमिकानं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. मग आमटी वाढली. सहाव्या दिवशी ती रोह्याला भावाकडं गेली.

"तुला ठाऊक व्हतं?" प्रविणनं आईला विचारलं.

हौसा म्हणाली, "व्हय तर. हाड मोडलं बाईचं. सगळ्या आळीला ठाऊक."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"मला वाटलं, तुझी बायको हाय, तुला दिसत असल."

आता बाई भावाकडं गेली तर परत येते, असा अनुभव आहे. भावजय पाठवतेच. पण भूमिकाचं प्लास्टर सुटलं तशी ती धाटावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली आणि तिनं रोह्यात खोली घेतली. खोली घेतली म्हटल्यावर प्रविण घाबरला. खोलीत भावजय नसते.

त्यानं फोन केला. केला म्हणजे श्रावण, भादवा आणि अर्धा आश्विन मिळून एकदाच. सीझन होता. ती फोनवर भांडली नाही, हे फार वाईट झालं. एवढंच म्हणाली, "त्या परसात माणसाला बसून एक कप चहा पिता आला ना, की सांगा. मग बघू."

"मग येशील?"

"मग बघू."

प्रविणला ते पुरलं. गावातले गणपती गेले, मुंबईचे गेले, कारखाने धुवून झाले, आणि आश्विनात एका सकाळी तो फावडं घेऊन मागच्या दारी गेला. तीन महिन्यांनी. दार ढकललं तर उघडेना. पलीकडून भोपळ्यानं धरून ठेवलं होतं.

भूमिकाला सवय होती, भोपळा चिरला की बिया खिडकीतून त्या फुटक्या मालावर फेकायची. पावसात त्या उगवल्या होत्या. बिनसोंडेच्या एका गणपतीच्या मांडीवर लाल भोपळा बसला होता. एका सुट्या हातात दुधी लोंबत होता, हात दुधीला आशीर्वाद देत होता. पत्र्याच्या शेडवर कोहळा चढला होता. वेलीनं सगळं परस गिळलं होतं. भूमिका घरात असताना त्या ढिगावर एक पान उगवलं नव्हतं.

प्रविणनं चार दिवस ढीग उपसला. त्यात अडचण काही नव्हती, कारण त्या मालाला डोळे नव्हते. कारखान्याचा नियम असा की डोळे काढायच्या आधी ते नुसतं प्लास्टर. फुटलं तर फेका, हातोडा मारा, खड्ड्यात भर घाला. पण एकदा आखणी झाली की हत्यार लावायचं नाही. मग टवका उडालेला असो की कान गेलेला असो, हार घालून खाडीवर न्यायचं आणि पाण्यात सोडायचं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक परसात जो ढीग असतो तो आंधळा असतो.

ढीग गेला. भोपळे राहिले. जमीन सारवली, मध्ये दोन खुर्च्या ठेवल्या. मग प्रविण रोह्याला गेला.

रोह्याची एसटी नागोठण्याला थांबली तेव्हा त्यानं ठरवलं की काय बोलायचं. कोलाडला ठरवलेलं विसरला. रोह्यात उतरला तेव्हा त्याच्याकडं बोलायला "काय गो, कशी हायस" एवढंच उरलं होतं, तेच त्यानं दारात म्हटलं.

भूमिका शिफ्ट संपवून आली होती. खोली कुंडलिकेच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. एक कॉट, एक गॅस, आणि कोपऱ्यात एक आख्खा लाल भोपळा.

"हा कशाला ठेवलायस?"

"घरमालकीणबाईंनी दिला. पंधरा दिवस झाले. फोडायला गडी नाय."

भोपळ्याचं ते तसंच आहे. आख्खा लाल भोपळा बाईनं फोडायचा नाही. पहिला घाव गड्यानं घालायचा, मग बाईनं खुशाल चिरावा. का, ते विचारू नये. कोणी म्हणतं भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, कोणी आणखी काही म्हणतं. जिच्या घरात गडी नाही ती शेजारच्याला हाक मारते. तो येतो, सुरा खुपसतो, चहा पितो, जातो.

"शेजारी कोण नाय?"

"हाय. त्याची नाइट. मी येते तेव्हा तो झोपलेला, तो उठतो तेव्हा मी भांडी घासते. पंधरा दिवस आमी दोघं एकमेकांना भोपळ्यासाठी शोधतोय."

प्रविणनं सुरी मागितली. खाली बसला, भोपळा पायात धरला आणि एक घाव घातला. कचकन आवाज आला. भूमिकानं पुढं होऊन तो त्याच्या हातून घेतला आणि चिरायला बसली. वीस वर्षं हा माणूस नाजूक हाताचा म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याच्या हातून झालेलं इतकं चांगलं काम त्याला आठवेना.

तिनं भाजी केली. मेथीचे दाणे घालून, थोडा गूळ. दोघं जेवायला बसली. प्रविण मुद्दाम तिच्या हाताकडं बघत होता. आता आपण बघतो, हे तिला दिसावं असं त्याला वाटत होतं.

"हात बरा हाय आता?"

"व्हय." ती म्हणाली. "कुठला मोडला व्हता?"

प्रविणनं हिशोब केला. दोनच हात होते, म्हणजे निम्मी संधी होती.

"डावा."

"उजवा," भूमिका म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला.

तो भात त्यानं एक शीत न टाकता संपवला. मग तिनं ताटं उचलली आणि पाठ करून म्हणाली, "रविवारी सुट्टी हाय माझी. येते परस बघायला."

एवढं झाल्यावरही येते म्हणाली. प्रविण परत येताना एसटीत उभा होता, बसायला जागा होती तरी उभा होता.

पुढं जे झालं ते त्या आनंदामुळे झालं. त्याला वाटलं, नुसतं सारवलेलं परस काय दाखवायचं? मोबाइलवर त्यानं पाहिलं की बाहेरच्या देशांत लोक अंगणात भोपळे मांडतात, रंगवतात, माळा करून टांगतात आणि त्यात खुर्च्या टाकून हसत बसतात. त्या बायकांच्या हातात कपसुद्धा होते. भोपळे तर त्याच्याकडं होतेच. मोजले तर सगळे मिळून सदतीस भरले: दुधी, लाल भोपळे आणि एक कोहळा.

गुरुवारी दुपारी जेवून तो रंग घेऊन बसला. चार बांबू रोवून मांडव केला, त्याला दुधी ओळीनं बांधले. लाल भोपळे लहानमोठे बघून खुर्च्यांभोवती गोल मांडले. कोहळा मध्ये, उलट्या पाटीवर. मग ठरवलं, यांच्यावर फुलं काढू. जास्वंदीची फुलं, बाजूनं वेलपत्ती. भूमिकाला जास्वंद आवडते. किंवा मोगरा. एकूण फुलं आवडतात.

त्यानं पहिला भोपळा मांडीवर घेतला, ब्रश बुडवला आणि जास्वंदीची पहिली पाकळी काढली. पाकळी जरा लांबट झाली. तिच्या खालून दुसरी रेघ आली. मध्ये गोल आला. प्रविणनं ब्रश उचलून पाहिलं तर डोळा होता.

एकच डोळा ठेवणं बरं दिसेना, म्हणून दुसरा काढला.

दुसऱ्या भोपळ्यावर तो अगदी सावकाश, देठापासून सुरुवात करून फूल काढू लागला. देठाची भुवई झाली. तिसऱ्याला त्यानं डाव्या हातात ब्रश धरला. डाव्या हातानंही त्याच्या नकळत एवढी वर्षं बघून शिकून घेतलं होतं. चौथ्यापासून त्यानं वाद घालायचं सोडलं. एकदा वाद सोडल्यावर काम भराभर झालं. दिवेलागणीला सदतीसच्या सदतीस भोपळ्यांची आखणी झाली होती. सोंड नाही, कान नाही, तोंड नाही. नुसते डोळे, लांबट, पाणीदार, कडेला गुलाबी छटा दिलेले. प्रविण मागच्या दारात उभा राहिला तर सगळे त्याच्याकडं बघत होते. तो शेडकडं गेला. तिकडंही बघत होते. काम फार सुंदर झालं होतं.

शुक्रवारी सकाळी शेजारची मालू विरजण मागायला मागच्या दारानं आली. तिनं किंकाळी फोडली, मग हात जोडले, मग विरजण न घेता गेली आणि पाच मिनिटांनी जास्वंद घेऊन आली.

"काय करतेस गो?" हौसानं विचारलं.

"आता डोळ्याला डोळा भिडला ना मावशी. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

"भोपळे हायत ते."

"तुमी म्हणा त्यांच्या तोंडावर."

हौसा म्हणायला गेली. परसात जाऊन भोपळ्यांसमोर उभी राहिली, तोंड उघडलं आणि डोक्यावर पदर घेऊन परत आली. दुपारी तिला दुधीची भाजी करायची होती. विळी घेऊन दोनदा उठली, दोनदा बसली. शेवटी घरात डाळभात शिजला. सदतीस भोपळे परसात आणि घरात डाळभात. संध्याकाळी कुणीतरी दुर्वा ठेवून गेलं. शनिवारी सकाळी खोबऱ्याचा तुकडा सापडला, त्याला मुंग्या लागलेल्या.

शनिवारी दिनानाथशेठ आले. कारखाना त्यांचा, आणि प्रविणच्या हातात पहिला ब्रश दिला तोही त्यांनी. ते मागं हात बांधून प्रत्येक भोपळ्यासमोर थांबत फिरले.

"कुणाची ऑर्डर?"

"ऑर्डर नाय शेठ. सजावट. भूमिका येतेय उद्या."

"उंची एकसारखी नाय मालाची."

"भोपळे हायत."

"या दुध्याची नजर बघ," दिनानाथशेठ एकदम हळवे झाले. "सीझनला असा हात नव्हता रे तुझा. हे काम मुंबईला गेलं पायजे व्हतं."

"शेठ, पुसून टाकू काय? थिनर हाय घरात. उगाच लोकं हात जोडतात."

दिनानाथशेठ त्याच्याकडं, त्यानं आईला घराबाहेर ढकललं असावं अशा नजरेनं बघत राहिले. "डोळे पुसायचे? कुणी शिकवलं तुला?"

"तुमीच शिकवलंत."

"पुसायला?"

"नाय."

"मग झालं तर." जाताना त्यांनी चपला काढल्या, कोहळ्याला नमस्कार केला आणि चपला घालून गेले.

रविवारी भूमिका अकराच्या मिनीडोरनं आली. खांद्याला पिशवी होती. हौसानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मालू कुंपणाशी येऊन उभी राहिली, तिच्यामागं आणखी चार बायका. प्रविणनं मागचं दार उघडलं आणि बाजूला झाला.

भूमिका परस बघत उंबऱ्यावर थांबली. ढीग नव्हता. जमीन सारवलेली होती. दोन खुर्च्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ते हलताना प्रविण खरंच बघत होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. मग तिला डोळे दिसले.

"हे काय?"

"सजावट."

"एवढे?"

"सदतीस हायत."

ती खुर्चीवर बसली. हौसानं चहा आणून दिला. भूमिकानं एक घोट घेतला आणि समोर पाहिलं. समोरचे सात भोपळे तिच्याकडं बघत होते. तिनं खुर्ची जरा वळवली. तिकडचे अकरा. तिनं मान वर केली तर मांडवावरून दुधी बघत होते. ती कप घेऊन उठली, शेडच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सगळे तिच्याकडं.

"कुठंही बस," प्रविण म्हणाला. त्याच्या आवाजात कारागिराचा अभिमान आला, तो त्याला आवरता आला नाही. "कुठनंही बघतात."

"व्हय," भूमिका म्हणाली. "दिसलं."

तिनं चहा संपवला. उभ्यानं संपवला, पण संपवला. मग कप खाली ठेवला, पदर खोचला आणि पायाजवळचा एक लाल भोपळा, त्यातल्या त्यात बारका, उचलून प्रविणसमोर ठेवला.

"हा फोडा. भाजी करते. सगळी जेवू. जेवून पुढचं बोलते."

कुंपणाशी मालूनं श्वास आत ओढला, तो सगळ्यांना ऐकू आला.

हौसानं कोयता आणून दिला. बहुतेक सवयीनं. प्रविणनं कोयता घेतला, उकिडवा बसला, भोपळा पायात धरला. रोह्याला धरला होता तसाच. भोपळ्यानं त्याच्याकडं पाहिलं.

प्रविणला माहीत होतं की हा भोपळा आहे. त्याचा वेल त्यानं स्वतः दारातून सोडवला होता. डोळे त्यानं स्वतः काढले होते, तेही जास्वंद काढायला जाऊन. आपण हा घाव घातला तर काय होईल आणि नाही घातला तर काय होईल, हेही त्याला माहीत होतं. इतकं स्वच्छ त्याला आयुष्यात कधी काही कळलं नव्हतं. त्यानं कोयता उचलला.

"प्रविण," कुंपणावरून मालू म्हणाली, "नजर बग रे त्याची. बिचारा."

कोयता वरच राहिला. हात खाली येईना. वीस वर्षं तो हात एकच रस्ता चालला होता, आणि त्या रस्त्यावर डोळ्यांच्या पुढं काही नव्हतं.

"पेणेला जाऊन दुसरा आणतो," तो म्हणाला. "बाजारात ढीगभर हायत. अर्ध्या तासात येतो. बिनडोळ्यांचा आणतो."

"नको."

"मोटरसायकल घेतो की मालूच्या घरची."

"नको म्हटलं ना." भूमिका वाकली आणि तिनं तो भोपळा त्याच्या पायांतून काढून घेतला. पिशवीत घालायला बघितलं, जाईना. पिशवी भरलेली होती. मग तिनं तो लेकरासारखा कमरेवर घेतला. "हा नेते."

"तिकडं फोडायला कोण हाय पण?"

"बघते," ती म्हणाली. हौसाच्या पाया पडली. साडेबाराच्या मिनीडोरमध्ये बसली तेव्हा भोपळा तिच्या मांडीवर होता, तोंड मागं करून. मिनीडोर बंधाऱ्याच्या वळणावर जाईपर्यंत प्रविणला त्याचे डोळे दिसत होते. भूमिकाचा चेहरा पुढं होता, तो दिसला नाही.

संध्याकाळी हौसा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पिशवी बगितलीस तिची?"

"कुठली पिशवी?"

हौसानं पुढची भाकरी थापली. "चार साड्या व्हत्या. गाउन व्हता. दात घासायचा ब्रश वर दिसत व्हता. बाई एका दिवसाला येताना ब्रश आणत नाय."

प्रविण उठून परसात गेला. तिथंही फार वेळ थांबवेना.

फोन मंगळवारी आला. तिनं केला. प्रविणनं तो पहिल्या रिंगला उचलला आणि कानाला उलटा लावला, मग सुलटा केला.

"पोचलीस ना नीट?"

"दोन दिवस झाले पोचून."

"आणि भोपळा?"

"फोडला."

"शेजारचा भेटला वाटतं. नाइट संपली त्याची?"

"नाय. मीच फोडला."

 स्वयंपाकघरातून हौसानं खुणेनं विचारलं काय म्हणते, त्यानं खुणेनं सांगितलं काही नाही.

"तूच?"

"मीच. आधी घासणीनं डोळे काढायला बघितलं, जाईनात. रंग चांगला हाय तुमचा."

"प्रायमर नव्हता, नाय तर आणखी टिकला असता," प्रविण म्हणाला. आपण हे का बोललो ते त्याला कळलं नाही. "फोडताना बघत व्हता?"

"व्हय."

"मग?"

"मग काय. बघू दे म्हटलं."

पलीकडून कँटीनमध्ये असतो तसा भांड्यांचा आवाज येत होता. प्रविणनं बराच वेळ शोधून एक प्रश्न काढला. "भाजी कशी झाली?"

"निबर व्हता जरा. पण झाली." ती म्हणाली. "खोलीचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून घेतलं मी. तेवढं सांगायला केलेला फोन. आईंना सांगा." आणि तिनं ठेवला.

भोपळे पुढच्या आठवड्यात बसायला लागले. आधी खालून मऊ झाले, मग एकेकाची नजर तिरकी व्हायला लागली. दुध्यांचे चेहरे ओढल्यासारखे दिसू लागले. माश्या आल्या. खाता येईना, फोडता येईना, उकिरड्यावर टाकायला हात धजेना. मालूनं फुलं आणायचं बंद केलं आणि परसाकडची खिडकी लावून घेतली. शेवटी दिनानाथशेठनी निकाल दिला: आखणी झालेला खराब माल, त्याचं काय करायचं ते ठरलेलं आहे. खाडीवर न्या.

छत्तीस भोपळे हातगाडीवर रचून प्रविण आणि हौसा दुपार उतरता बंधाऱ्यावर गेले. मालू आली होती, थोडी अपराधी, हातात कापूर घेऊन. आरती कुठली म्हणायची यावर जरा घोळ झाला, मग कापूर नुसताच लावला. प्रविण गुडघाभर पाण्यात उतरला आणि एकेक भोपळा घेऊन, तीनदा खाली दाबून, सोडू लागला.

पहिला दाबला, सोडला, तो वर आला.

दुसरा दाबला, जास्त वेळ धरला, सोडला. तोही वर आला.

वीस वर्षं त्यानं बुडणाऱ्या वस्तूंना डोळे काढले होते. भोपळा बुडत नाही, हे पोहायला शिकणाऱ्या पोरालाही कळतं. कमरेला बांधतात ते त्यासाठीच. पण ते तिथं आलेल्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. छत्तीस भोपळे पाण्यावर पसरले, हलत राहिले आणि ओहोटीबरोबर हळूहळू लांब जाऊ लागले. जाताना वळत होते. वळले की डोळे दिसत नव्हते, परत वळले की बघत होते.

"गेले बाबा," मालू म्हणाली आणि घरी गेली. तिचा गॅसवर भात होता.

प्रविण बंधाऱ्यावर बसला. हौसाही गुडघे धरून शेजारी बसली.  ठिपके बारीक झाले, थांबले. पाणी थोडा वेळ नुसतं उभं राहिलं. मग भरती लागली.

पहिला आला तो दुधी. त्याच्यामागं दोन लाल, मग सगळे, एकमेकांना ढुसण्या देत. पाण्यानं रंग जरासुद्धा उतरला नव्हता. ते बंधाऱ्याच्या दगडांशी येऊन थांबले आणि खालून दोघांकडं बघू लागले.

हौसा बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

"बग," ती म्हणाली, "हे तरी परत आले."

प्रविणनं चपला काढल्या, पँट वर केली आणि परत पाण्यात उतरला. समोरच्या दुध्याला तळहातानं ढकललं. तो हातभर गेला, वळला, आणि लाटेबरोबर येऊन त्याच्या गुडघ्याला लागला. त्यानं परत ढकलला. भरती अजून तीन तास होती.